वेल्डिंग करू नका

केबिनच्या मागं, डाव्या अंगाला,
चेसीला जिथं भोक आहे
तिथून निघालाय तडा.
आधी वाटलं ग्रीसमध्ये चिकटलेला केस.
चिंधीनं पुसला. गेला नाही.
नख ओढून पाहिलं. नख अडकलं.

भागवत केकाण म्हणाला, "चाचा, हात नका लावू.
तुमचा हात लागला की वॉरंटी गेली."
आणि खडूनं स्वतःच लिहिलं दारावर, ठळक:
वेल्डिंग करू नका.

मांजरसुंब्याच्या चौकात चाळीस वर्षं
मी दुसरं काही केलेलं नाही.

तर गाडी उभी आहे. लाल, चारही चाकांनी ओढ घेणारी,
हौद्यात अजून पवनचक्कीचे बोल्ट, एक तुटका पाना
आणि एक पिवळं हेल्मेट.
हेल्मेटात कोंबडी बसते.
अंडी कुणाची, यावरून माझ्या नातवाचं
आणि केकाणच्या पोरीचं भांडण झालं,
तेही अजून मिटायचंय.

संक्रांतीनंतर कंपनीचे साहेब आले. कुलथे.
टॉर्च, आरसा, पट्टी.
सतरंजी मी दिली. तिच्यावर उताणे होऊन
सरकले गाडीखाली, मी रोज सरकतो तसे.
बाहेर आले तेव्हा कॉलरला ऑइल
आणि तोंडात एकच शब्द: गैरवापर.
"रस्ता सोडून चालवलीय."

केकाणनं खिशातून कागद काढला, घडीवर चिरलेला,
कंपनीनंच छापलेला. त्यात हीच गाडी
दगडांवरून उडी घेते, चारी चाकं हवेत.
"ह्यात रस्ता कुठाय, दावा मला."
साहेबांनी चष्मा लावला,
तळाची मुंगीएवढी ओळ वाचून दाखवली:
चित्र केवळ कल्पनेसाठी.

"मग आमचा डोंगर बी कल्पनाच धरा की."
डोंगर तर चौकातून दिसत होता,
वर पाती फिरत होती, सावकाश,
त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"बाराशे किलो लिवलंय. नऊशेच्या वर
कधी टाकलं नाही, पोरीची शपथ."
मी खाली वाकून पाना शोधत राहिलो.
मागचा पाटा उताणा झालेला मी पाहिला होता.
नऊशे किलोनं पाटा उताणा होत नाही.

मग बीडला ग्राहक मंचात तारीख. तारखेला तारीख.
शेवटी हुकूम झाला: तडा गेलेला तुकडा
कापून सादर करा.
कापायला मीच.
ग्राइंडरची ठिणगी उडाली तेव्हा कोंबडी ओरडत पळाली,
केकाण तोंड फिरवून उभा राहिला,
ऑपरेशनच्या दारात माणसं उभी राहतात तसा.

तुकडा उघडला. अर्धा तपकिरी, गंज मुरलेला,
अर्धा करडा, चमकता, काल मोडल्यासारखा.
आणि त्या तपकिरी भागात बारीक रेघा, एकीआड एक,
बिंदुसरेचं पाणी हटताना काठावर सोडतं तशा.
सगळ्या रेघा त्या भोकाकडून निघाल्या होत्या.
भोकाच्या कडेला कंगोरा होता,
कारखान्यात घासायचा राहून गेलेला.
कानशीचे दोन हात. बस, तेवढंच काम होतं ते.

नाव? दस्तगीर शिकलगार. वय? चौसष्ट.
"तडा जुना की नवा? एका शब्दात सांगा."
मी दोन सांगितले.
सुरुवात कारखान्यात झाली, शेवट डोंगरावर.
त्यांचा वकील हसला, केकाणचाही हसला,
लिहिणाऱ्या बाईंनी मान वर करून विचारलं,
"मग काय लिहू?"

पाट्याचं कुणी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.

तुकडा लाखेच्या पाकिटात गेला.
पुढची तारीख चौदा.
केकाण आता भावाच्या मोटारसायकलवरून
पोत्यात बोल्ट भरून वर नेतो, दोन खेपा,
जाताना हॉर्न देतो, थांबत नाही.

आज सकाळी शेजारच्या शेळीनं
दाराला पाठ घासली
आणि शेवटचा शब्द पुसून टाकला.
उरलेलं वाचत मी चहा प्यालो.
खडू नातवाच्या खिशात आहे.
अजून मागितला नाही.